शेपटीतलं दार

त्या दुपारी दार लागलं नाही. मी ऑर्गनच्या खालून चौथ्या पायपट्टीवरचा पाय उचलला, सूर सुटला, त्याची शेपटी नेहमीसारखी दगडी कमानींतून वर गेली, पातळ होत होत छताशी पोचली आणि जिथे दार लागायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं. शांतता म्हणावी तर तीही नव्हती. शांततेला निदान थोडी खरखर असते, कुठेतरी कुणीतरी असल्याची धाप असते. इथे कुणीतरी कात्री चालवून एवढा तुकडा काढून नेला होता. स्वयंपाकघरात बायको पातेल्यात डाव फिरवत होती, तो डाव थांबला. मी वळून पाहिलं नाही. कंप्यूटरच्या पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत होतं, आवाज निवडायच्या खुंट्या ओढलेल्या, हवेचा भाता चालू. डाव अजून थांबलेलाच होता. मग तो पुन्हा फिरायला लागला, पण जरा घाईने, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा. मी पुन्हा पाय ठेवला, पुन्हा उचलला. काही नाही. तो डाव का थांबला होता, हे मला नीट माहीत होतं.

हे दार आमच्या घराचं नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर मला वेड्यात काढाल. फार दूरच्या एका गावात एक दगडी चर्च आहे आणि त्यात तीनशे वर्षांपूर्वी बांधलेला ऑर्गन आहे. पाईपांचा, भिंतीएवढा. कुणा चिकट माणसांनी तिथे आठवडेच्या आठवडे बसून त्याचा एकेक पाईप वेगळा रेकॉर्ड केला. एक पट्टी दाबायची, सूर धरायचा, सोडायचा आणि तो त्या उंच इमारतीत पूर्ण विरेपर्यंत श्वास रोखून बसायचं. मग पुढची पट्टी. ते सगळं आता माझ्या मागच्या खोलीतल्या कंप्यूटरात आहे. मी पट्टी दाबली की तो पाईप बोलतो, सोडली की त्याचं तिथलं विरणं ऐकू येतं. त्या विरण्याला शेपटी म्हणायचं हे खुट्टूनं ठरवलं. खुट्टू म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा. पाळण्यात असताना घरात कुठे खुट्ट झालं की टक्क जागा व्हायचा, म्हणून त्याच्या आईनं ठेवलेलं नाव. मोठा झाला, कामाला लागला, दाढी वाढवली, तरी घरात खुट्टूच. लोखंडी सांगाडा जोडून घेऊन, त्यावर दोन कीबोर्ड एकावर एक बसवून, खाली कुणाच्या तरी अडगळीतल्या लाकडी पायपट्ट्या घासूनपुसून लावून हे सगळं त्यानंच मला करून दिलं. शिकत असताना मी एका चर्चच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. तिथल्या ऑर्गनवाल्यासाठी स्वरलिपीची पानं उलटायचो आणि त्या बदल्यात तो मला दुपारी तासभर हात चालवू द्यायचा. ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली होती की बायको ती माझ्या आधी संपवायची. खुट्टूनं मात्र ती मनावर घेतली. "बाबा, तुझं चर्च आता तुझ्या खोलीत," तो म्हणाला आणि बटण दाबलं. भात्याची धाप सुरू झाली आणि मी, पोटापाण्यासाठी माणसांच्या श्वासावर कान ठेवणारा माणूस, लहान मुलासारखा रडलो.

ते दार पहिल्यांदा ऐकलं ते अर्थातच खुट्टूनं. मी सूर सोडून पुढच्या सुराकडे निघालो होतो. "बाबा, थांब थांब. परत दाब. आता हलू नकोस." आम्ही दोघंही हललो नाही. शेपटी संपत आली आणि अगदी टोकाला, फार लांबून, एक जड लाकडी दार लागलं. आधी दबका दणका, मागोमाग कडीचा बारीक आवाज. सगळ्यात जाड लाकडी पाईपांतला एक, खालून चौथी पट्टी, बस्स, तेवढ्याच जागी. रेकॉर्ड करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं. "कुणीतरी बाहेर गेलं," मी म्हणालो. "छे, आत आलं," खुट्टू म्हणाला. "अरे, दिवसभर एकेक सूर ऐकायचा म्हणजे काय चेष्टा आहे? वैतागून गेलं कुणीतरी." "वैतागलेला माणूस दार आपटतो, बाबा. हे बघ किती जपून लावलंय. आत काम चाललंय हे माहीत असलेला माणूस आलाय." बायको पदराला हात पुसत दारात आली. "दार लागलं म्हणजे लागलं. तुम्हा दोघांना दुसरे उद्योग नाहीत का?" पण वाद मिटला नाही, कारण तो मिटण्यासारखाच नव्हता. दार लागल्याच्या आवाजावरून माणूस दाराच्या कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. मग तो आमच्या घरातला विनोदच झाला. मी दवाखान्यातून येऊन दार लावलं की आतून खुट्टू ओरडायचा, "आला की गेला?" आणि मी म्हणायचो, "गेला." त्याची आई म्हणायची, "दोघंही कामातून गेलात."

खुट्टू गेला तेव्हा मात्र दार कुणीच ऐकलं नाही. दुपार होती. बायको न्हाणीघरात होती. माझ्या कानांवर हेडफोन होते, आणि कानांत ते चर्च. खोलीच्या उघड्या दारातून मला तो पुढे जाताना दिसला. त्यानं हात वर केला. माझे दोन्ही हात, दोन्ही पाय गुंतलेले, म्हणून मी भुवया उचलल्या. त्याचे ओठ हलले. "येतो" म्हणाला असणार. घरातून निघताना "जातो" कुणी म्हणत नाही. पायांत घरातल्याच सपाता होत्या. फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला, कपात चहाचा शेवटचा घोट. कोपऱ्यावर जाऊन येणारा माणूस जसा जातो तसा गेला आणि आला नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही, कुणाशी वाकडं नाही. पोलीस झाले, मित्र झाले. सगळ्या दवाखान्यांतून मी स्वतः फिरलो, ओळखीनं थंड खोल्यांमधूनही फिरलो, आणि प्रत्येक वेळी चादर वर केल्यावर अनोळखी चेहरा बघून जो आनंद व्हायचा त्याची अजून लाज वाटते. याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही बाहेरच्या दाराला आतून कडी घालत नसू. तेव्हापासून मी हेडफोनही घातले नाहीत. जे काही वाजवायचं ते सगळ्या घराला ऐकू येईल असं.

पहिले काही महिने ऑर्गनला हातच लावला नाही. मग एके दिवशी बसलो, आणि सवयीनं पाय त्या पट्टीवर गेला. सूर विरला, दार लागलं. खुर्चीत सुपारीच्या खांडासारखी आक्रसून बसलेली माझी बायको ताडकन उठली, धावत बाहेरच्या दाराशी गेली, दार उघडलं, जिन्यात डोकावली. मी पाठमोरा बसून सगळं ऐकत होतो. ती परत आली तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं की अगं, हे ते आपलं दार, विनोदातलं. ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली आणि भांड्यात काय आहे ते बघून उभ्यानंच चार घास खाल्ले. कितीतरी दिवसांत तिनं आपणहून काही खाल्लं नव्हतं. माझा धंदा भूल देण्याचा. औषध काय करतं यापेक्षा किती दिल्यावर काय करतं हे आम्ही जास्त बघतो. मी बघितलं. दार लागलं की ती उठते. उठली की चालते, पाणी पिते, खाते, पायांची सूज उतरते. दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी मुद्दाम दाबली. मग रोज दुपारी एकदा, फार सुकलेली दिसली तर संध्याकाळी आणखी एकदा, असा नेमच झाला. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. माझ्याच बायकोला मी रोज आशेचा एक डोस देत होतो आणि ती तो घेत होती. माणसाच्या जिवाशी हे असं खेळावं का, हा प्रश्न मला पडायचा, पण ताटातला भात संपलेला दिसला की निघून जायचा.

आणि आता औषधच संपलं होतं. खुट्टूच्या जागी जो मुलगा येऊन कंप्यूटर बघून जातो त्याला फोन लावला. "अपडेट आलं असेल, काका. आपोआप बसतं ते," तो म्हणाला. "नवीन साफ केलेले आवाज दिलेत त्यांनी. खरखर, खोकले, खुर्च्यांची कुरकुर, सगळं काढून टाकलंय. मस्त झालं की!" मी म्हटलं, "मला जुनं हवंय." "जुनं? त्यात कचरा होता ना?" "तो कचराच हवाय मला." म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यायचं असतं, अशा आवाजात तो म्हणाला, "जुन्या डिस्क असतील तर बघा, काका. नसतील तर अवघड आहे." डिस्क असतील तर त्या खुट्टूच्या खणात. तो खण आम्ही उघडत नसू. मी म्हटलं, बघतो, आणि बघितलं नाही.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली, ती मी कुणाला सांगितली नाही. मला दारं ऐकू येईनाशी झाली. गाडीचं दार लावलं, ते लागलं, पण आवाज आला नाही. फ्रीजचं दार, कपाटाचं दार, ऑपरेशन थिएटरची ती दोन्हीकडे झुलणारी दारं, सगळी येऊन आपापल्या जागी बसत होती आणि बसल्याचं मला डोळ्यांनी कळत होतं. बाकी सगळं स्पष्ट. मास्कमागून सर्जन पुटपुटला तरी शब्द न् शब्द कळायचा. टेबलावरच्या माणसाचा श्वास यंत्रातून जाताना कुठे अडतो तेही कळायचं. कान तपासणारा मित्र म्हणाला, "लेका, तुझे कान विशीतले आहेत. डोकं तपासून घे." मी हसलो. त्याच दिवशी एक बाई टेबलावर जागी झाली. तीन तास झोपली होती. डोळे उघडून मला म्हणाली, "सुरू कधी करणार?" सगळे असंच म्हणतात. त्यांच्या लेखी मधला काळ घडलेलाच नसतो, डोळा लागला आणि उघडला एवढंच. मी तिला नेहमीचं उत्तर दिलं, "झालं सुद्धा." आणि मनात आलं, खुट्टूही कुठेतरी असाच असेल. दारात येऊन उभा राहील आणि म्हणेल, आत्ताच तर गेलो होतो, एवढं काय तोंड करून बसलाय? मी हात धुवायला गेलो. मागे झुलतं दार हलताना दिसत होतं, पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी मुकं.

घरी आलो तर बाहेरचं दार वीतभर उघडं. बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती. "दार का उघडं?" "वारा येतो." दुसऱ्या दिवशीही उघडं, तिसऱ्या दिवशी सताड. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "दिवसभर उघडं असतं हो तुमचं घर. काळ काही बरा नाही." बायको पुन्हा त्या खुर्चीत बसायला लागली होती. ताटातला भात वाळून जायचा. मी रोज वाजवत होतो, ती पट्टीही वाजवत होतो, आणि प्रत्येक वेळी शेपटी संपताना आम्ही दोघं, दोन खोल्यांत, त्या कापलेल्या जागेशी येऊन अडत होतो. एकदा तिनं विचारलं, "आज बसला नाहीत वाजवायला?" "आत्ता तर वाजवलं." "हो का," ती म्हणाली, "मला वाटलं, नाही वाजवलं." तिचे पाय खुर्चीखाली पुन्हा सुजलेले दिसत होते. मी घाबरलो. आधी तिच्यासाठी घाबरलो असं वाटलं, पण त्यातली निम्मी भीती माझी स्वतःसाठी होती. ती खचली असती तर या घरात वाट बघणारा मी एकटा उरलो असतो.

म्हणून शेवटी खण उघडला. ती देवळात गेली आहे, बाजारात गेली आहे, अशी काही संधी साधून नव्हे. ती समोर बसलेली असतानाच उघडला. तिनं बघितलं आणि नजर खिडकीकडे वळवली. आत वायरींची भेंडोळी, एक तुटका चष्मा, आणि खुट्टूच्या अक्षरात 'बाबाचं चर्च' असं लिहिलेली डिस्कची पेटी. कंप्यूटरवाला मुलगा आला, म्हणाला, "सगळं जुनं नको टाकायला, नवं बिघडेल. एखादाच आवाज असेल तर बदलून देतो." मी त्याला पट्टी दाखवली. त्यानं ती एकच शेपटी जुन्यातली आणून लावली, ऐकलीही नाही, आणि चहाला नको म्हणून निघून गेला. तो जाताना दार लावून गेला. मला ऐकू आलं नाही.

मी बसलो. खुंटी ओढली, भात्याची धाप सुरू झाली. पाय ठेवला. एवढा जाड सूर कानांना कमी आणि हाडांना जास्त कळतो. खिडकीच्या काचा थरथरल्या. पाय उचलला. शेपटी वर गेली, पातळ झाली, आणि टोकाला दार लागलं. दणका, मग कडी. इतक्या दिवसांत मी ऐकलेलं पहिलं दार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता ती उठेल, चपला फरफटतील, म्हणून मी कान लावून बसलो. पुढच्या खोलीतून काहीच हालचाल नाही. मी पुन्हा वाजवलं. दार लागलं. ती उठली, पण बाहेरच्या दाराकडे गेली नाही. पावलं माझ्या खोलीकडे आली आणि माझ्या पाठीशी थांबली.

"सापडलं का परत?" तिनं विचारलं.

मी वळलोच नाही. "तुला माहीत होतं?"

"अहो, खाली फडकं मारताना या पट्टीवर गुडघा पडला होता माझा. तुम्ही परत वाजवायला लागल्यावर दुसऱ्या की तिसऱ्याच दिवशी. मी काय बहिरी आहे? दार लागलं ना माझ्या कानाशी."

"मग उठून जायचीस कशाला?"

"तुम्ही रोज तेवढं एकच वाजवायचात," ती म्हणाली. "मला वाटलं, दारात कुणी आहे का ते तुम्हाला बघायचंय, आणि तुमच्याच्यानं उठवत नाही. मग मी जायचे. नाही गेले तर तुम्ही कोलमडाल असं वाटायचं. येताना पाणी प्यायचे, आवाज करून, म्हणजे तुम्हाला कळावं की कुणी नव्हतं."

मला तिच्याकडे बघवेना. आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्या दाराशी एकदाही गेलो नव्हतो. कामाला जायचो, यायचो, ते वेगळं; पण कुणी आलं असेल म्हणून उठून, धावत, एकदाही नाही. मी डोस देत होतो असं समजत होतो, आणि सुई माझ्याच दंडात होती.

"सरका," ती म्हणाली. "आज तुम्ही जा."

ती बाकावर बसली. लुगड्याचा घोळ आवरून तिनं पाय त्या पट्टीवर नेमका ठेवला, न बघता. सूर उठला. मी पुढच्या खोलीतून चालत गेलो. माझ्या पायांखालची फरशी थरथरत होती. बाहेरचं दार उघडलं आणि हातानं धरून उभा राहिलो. जिन्यात दुपारचं ऊन पडलं होतं, कठड्याला कुणाची तरी छत्री अडकवलेली, वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या. कुणी नव्हतं. मागे सूर थांबला. शेपटी माझ्या डोक्यावरून जिन्यात गेली, पातळ झाली, आणि माझ्या हातात दार सताड उघडं असताना माझ्या पाठीमागे ते दार लागलं. दणका, मग कडी.

"आला की गेला?" आतून तिनं विचारलं. खुट्टू विचारायचा त्याच चालीत. तिनं हे आजवर कधी विचारलं नव्हतं.

मी जिन्याकडे बघत राहिलो. याचं उत्तर मी शेकडो वेळा दिलं होतं, हसत. दाराची कड हाताला रुतत होती. मला खुट्टू फार हवा होता, इतका, की खोटं बोललो असतो तरी चाललं असतं, आणि तिनं ते मानूनही घेतलं असतं.

"गेला," मी म्हणालो. "गेला गं तो."

आणि दार लावलं. जपून, हळू, आत काम चाललंय हे माहीत असलेल्या माणसासारखं. ते लागल्याचं मला ऐकू आलं. पण तो आवाज संपेना. आमचं घर ते केवढं, छत हाताला लागेल असं, टाळी वाजवली तर तिथल्या तिथे विझते. आणि आमच्या दाराचा आवाज वर चढत गेला, कुठल्यातरी खूप उंच दगडाला लागून परत आला, पुन्हा वर गेला. मला वाटलं, तिचा पाय पुन्हा पट्टीवर पडला. मी वळलो. ती माझ्या मागेच उभी होती, हातभर अंतरावर. तिच्यामागे आतल्या खोलीतला कंप्यूटरचा पडदा काळा होता आणि स्पीकरचे लाल दिवे विझलेले. "बंद केलं मी ते," ती ओठांनीच म्हणाली. आम्ही दोघंही हललो नाही. रेकॉर्ड करणारे बसतात तसे श्वास रोखून उभे राहिलो, तो आवाज पातळ होईपर्यंत, अगदी पूर्ण विरेपर्यंत. फार वेळ लागला.

मग तिनं श्वास सोडला.

"कडी घाला आता," ती म्हणाली.

मी कडी घातली.